वाढत्या वयाच्या मुलासाठी एकच ऑल-माउंटन स्की: रुंदी किती, लांबी किती?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

मुलगा १४ वर्षांचा. उंची १६१ सेंमी, वजन ५० किलो, आणि दोन्ही आकडे सतत सरकताहेत. आत्ताची ज्युनिअर स्की १४० सेंमीची आहे. जरा वेग घेतला की तिची टोकं फडफडायला लागतात. दाबून सपाट केलेल्या उतारावर दोन्ही पाय समांतर ठेवून वळणं छान घेतो, कडेवर स्की टेकवून कोरीव वळण घ्यायला नुकताच शिकतोय. पण सगळं लक्ष उताराच्या बाजूच्या मोकळ्या बर्फाकडे! झाडांमधून जायचं, उंचवट्यांवरून जायचं, नवा बर्फ पडला की आधी तिकडेच पळायचं.

दोन-तीन सीझन चालेल अशी एकच ऑल-माउंटन, म्हणजे डोंगरावर सगळीकडे चालणारी, जोडी घ्यायची आहे. दोन जोड्या घेणं जमणार नाही. बूट आधीच घेतलेत: २५.५ मापाचे, टाचेजवळ सोलची लांबी २९५ मिमी कोरलेली आहे.

चिरंजीवांच्या यादीतल्या सगळ्या स्की १०० मिमीच्या पुढच्या, पुढे-मागे दोन्ही टोकं वळलेल्या आणि भडक रंगाच्या. विक्रेत्याचं म्हणणं, "वाढत्या वयाचा आहे, १७० घ्या." मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगता येत नाही, त्यामुळे घरात रोज हरतोय.

रुंदी, लांबी, आत धातू हवा की नको, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) स्कीबरोबर येणारं की वेगळं? मॉडेलची नावं चालतील, पण कारणासकट सांगा.

उतारवय

१७० विसरा. गणवेश वाढत्या मापाचा घेतात तशी स्की घेता येत नाही. गणवेश ढगळ झाला तर मुलगा वाईट दिसतो, एवढंच. स्की लांब झाली तर तो मागे रेलून बसतो, आणि मागे रेलायची सवय एकदा लागली की ती मोडायला पुढची सगळी वर्षं जातात.

बाकी जाणकार येतीलच.

काठावरपास

उतारवय यांच्याशी शंभर टक्के सहमत. लांबीचं नंतर बोलू, आधी रुंदी, कारण तुमच्या घरातली खरी लढाई तीच दिसतेय.

रुंदी म्हणजे पायाखालची, स्कीच्या सगळ्यात अरुंद जागेची. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १२७-८८-११०. मधला आपल्या कामाचा. ७० च्या आसपासच्या स्की निव्वळ दाबलेल्या उतारासाठी, ११० च्या पुढच्या निव्वळ खोल बर्फासाठी. ऑल-माउंटन म्हणून जे विकतात ते साधारण ८० पासून १०५ पर्यंत पसरलेलं आहे, म्हणजे त्या शब्दावरून काहीच कळत नाही. कळतं ते आकड्यावरून.

आता एक पट्टी घ्या आणि बुटाचा पुढचा सोल मोजा. प्रौढांच्या नेहमीच्या अल्पाइन (उतारावरून खाली येण्याच्या स्कीच्या) बुटाचा सोल तिथे सुमारे ६९ मिमी रुंद असतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेचौतीस. ८८ ची स्की घेतली तर तिची कड मध्यापासून ४४ मिमीवर, बुटाच्या बाहेर साधारण साडेनऊ. १०२ ची घेतली तर ५१ मिमीवर, बुटाच्या बाहेर साडेसोळा. कडक बर्फावर वळताना सगळा भार त्या कडेवर येतो, आणि कड बुटाच्या जितकी बाहेर तितका तो भार स्कीला पुन्हा आडवी पाडायला बघतो. तिला तिरकी धरून ठेवायचं काम घोट्याला आणि गुडघ्याला करावं लागतं. ८० किलोचा तयार गडी ते करतो. ५० किलोचा, अजून हाडं वाढत असलेला मुलगा ते करत नाही, तो कड लावणंच सोडून देतो आणि शेपूट फरकटवत खाली येतो.

तो आत्ता कोरीव वळण शिकतोय म्हणालात ना? मग हे आणखी महत्त्वाचं. ८४ ते ९० च्या मध्ये राहा.

भुसभुशीत

थांबा थांबा. कागदावर ठीक आहे, पण मुलाला जायचंय कुठे ते वाचलंत का? झाडं, उंचवटे, नवा बर्फ. त्याला ८४ ची स्की देऊन बाजूच्या बर्फात पाठवलंत तर पुढची टोकं बुडणार, तो डोक्यावर पडणार आणि महिनाभरात त्याचा उत्साह संपणार. मऊ बर्फात भार कडेवर नसतो, सगळ्या तळावर असतो, त्यामुळे वरचं गणित तिथे लागू नाही. शिवाय आजच्या ९६-९८ च्या स्की दहा वर्षांपूर्वीच्यापेक्षा कितीतरी हलक्या आणि चपळ आहेत. मी ९८ सुचवेन. मुलं लवकर शिकतात, स्की मागे पडायला नको.

काठावरपास

>> मऊ बर्फात भार कडेवर नसतो

हे बरोबर. पण तरंगणं रुंदीवर ठरत नाही, क्षेत्रफळ भागिले वजन यावर ठरतं. ढोबळ हिशोब करतो, लांबी गुणिले मधली रुंदी. तुम्ही ८० किलोचे धरा, स्की १८० ची, १०० मिमीची: १८०० चौ. सेंमी, किलोमागे साडेबावीस. हा मुलगा ५० किलोचा, स्की १५८ ची, ८८ मिमीची: १३९० चौ. सेंमी, किलोमागे जवळपास २८. म्हणजे तुम्ही १०० वर तरंगता त्यापेक्षा तो ८८ वर जास्त तरंगणार आहे. टोकं आणि शेपटी धरून काटेकोर हिशोब केलात तरी तो तुमच्यापेक्षा वरच राहील.

अर्धविराम, हे चिरंजीवांना कागदावर करून दाखवा. १४ व्या वर्षी गणित पटत नसलं तरी "तू तुझ्या काकापेक्षा वर तरंगशील" हे पटतं.

भुसभुशीत

हम्म. वजनाचा मुद्दा मान्य. पण दोन वर्षांत तो ६५ चा झाला तर?

काठावरपास

तर १३९० भागिले ६५, साधारण २१. तुमच्यापेक्षा किंचित खाली, तरीही बुडण्याइतका नाही. आणि तोपर्यंत त्याला कड लावता येत असेल. मग तो स्वतःच ठरवेल पुढची कुठली.

चौकटराणी

माझी मुलगी साधारण याच वयाची, म्हणून लिहितेय. वाढत्या मुलांसाठी सीझनभराच्या भाड्याचा विचार केलात का? सीझनच्या सुरुवातीला मापं घेतात, संपला की परत करायची, मधे पाय वाढला तर बहुतेक ठिकाणी बदलून देतात. आम्ही काही वर्षं तेच केलं. तोटा एकच, आणि तो तुमच्या मुलाला बोचेल: भाड्याच्या स्की बहुधा नवशिक्यांसाठीच्या मऊ असतात आणि त्यांच्या कडा कुणी जपत नाही. जो मुलगा कडेवर शिकतोय त्याला बोथट कडा देणं म्हणजे त्याची शिकायची इच्छाच मारणं.

दुसरं, जरा नाजूक विषय. ५० किलोच्या मुलाला "महिलांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑल-माउंटन स्की फार छान बसतात. बऱ्याच कंपन्या तोच साचा थोडा मऊ, थोडा हलका करतात आणि १५०-१६० च्या पट्ट्यात जास्त लांब्या ठेवतात. पुरुषांच्या मॉडेलमध्ये बहुतेकदा सगळ्यात लहान लांबीच १६५ च्या आसपास सुरू होते. पण वरचं चित्र बघून १४ वर्षांचा मुलगा ती पायात घालेल का, हे तुम्हीच जाणे.

अर्धविराम

चित्र बघूनच तो घरातून निघून जाईल :)

सीझनभाडं दोन वर्षं केलं, म्हणूनच आता विकत. बोथट कडांचं अगदी बरोबर.

काठावरपास, कागद दाखवला. "पण काकाला पावडर (ताज्या भुसभुशीत बर्फात स्की करणं) येतच नाही" असं उत्तर मिळालं. तरी ९० पर्यंत यायला तयार झाला आहे. आता लांबी आणि बाइंडिंग.

पाना-पेचकस

बाइंडिंग बसवायचं काम करतो, त्यामुळे मोठा प्रतिसाद. कंटाळा आला तर खाली उडी मारा.

आधी बूट. अस्तर बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेच्या मागे किती जागा उरते ते बघा. दीड ते दोन सेंमी हवी. वाढता पाय आहे म्हणून दोनाच्या किंचित वर चालेल, त्याहून जास्त नको. बूट सैल असेल तर कुठलीही स्की घ्या, ती पायाचं ऐकणार नाही. खर्चाची ओढाताण असेल तर स्की जुनी घ्या, बूट मात्र बरोबर घ्या.

दुसरं, बुटाचा सोल कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. लहान मुलांच्या अल्पाइन बुटाचा सोल प्रौढांच्यापेक्षा अरुंद आणि पातळ असतो. ते वेगळे प्रकार आहेत आणि प्रौढांचं प्रत्येक बाइंडिंग लहान मुलांचा सोल घेत नाही. २५.५ हे माप नेमकं सीमेवरचं, दोन्ही प्रकारांत मिळतं. हल्ली बऱ्याच बुटांना चालायला सोपा असा रबरी, पुढे किंचित वर वळलेला ग्रिपवॉक सोल असतो. त्याला ग्रिपवॉक चालणारंच बाइंडिंग लागतं. बूट घेऊन या, नुसतं माप सांगू नका, असं आम्ही ओरडतो ते यासाठी.

तिसरं, सुटण्याचा आकडा, ज्याला सगळे डिन म्हणतात. तो वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्की करण्याची पद्धत (सावध, मध्यम, आक्रमक) यांवरून तक्त्यात बघून काढतात. ५० किलो, १६१ सेंमी, २९५ मिमी यांना तो पद्धतीप्रमाणे साधारण साडेतीन ते साडेपाचच्या पट्ट्यात येईल. नेमका आकडा समोर बूट ठेवून तंत्रज्ञानेच काढायचा, इथून कुणी सांगितलेला लावायचा नाही. पण पट्टा कळला की खरेदी सोपी होते. ४ ते १३ चं बाइंडिंग घेतलंत तर मुलगा स्प्रिंगच्या अगदी तळाशी, आणि साडेतीन आला तर लावताच येणार नाही. ३ ते १० किंवा ३ ते ११ चं घेतलंत तर आत्ताही बसतो आणि ६५ किलोचा झाला तरी बसतो. मोठा आकडा म्हणजे मोठा स्कीअर, हा मुलांचा गैरसमज आहे. (काही मोठ्यांचाही.)

आणि मुलाला हेही सांगा की बाइंडिंगची रचना मुळात नडगीचं हाड वाचवण्यासाठी झाली. गुडघ्याच्या लिगामेंटची हमी कुठलंच बाइंडिंग देत नाही.

आता खरा प्रश्न, पाय वाढला तर काय. दोन प्रकार आहेत. एक, स्कीवर थेट भोकं पाडून बसवलेलं. यात पुढचा तुकडा पक्का, मागचा तुकडा थोडाफार पुढे-मागे सरकतो. समजा पुढच्या वर्षी बूट २७.५ झाले आणि सोल ३१५. मागचा तुकडा २० मिमी मागे नेला, तर बुटाचा मध्य १० मिमी मागे गेला. स्कीवर मधोमध एक खूण असते, बुटाची मधली रेघ तिथे यायला हवी. तिथून १ सेंमी मागे उभं राहिलं की वळण सुरू करायला जड जातं आणि मुलाला वाटतं स्की बिघडली. मग जुनी भोकं बुजवून नवी पाडावी लागतात, आणि नवं भोक जुन्यापासून साधारण १ सेंमी तरी लांब हवं. हे एकदा जमतं, दुसऱ्यांदाही जमतं, पुढे स्कीत लाकडापेक्षा भोकंच जास्त.

दुसरा प्रकार रुळावरचं. स्कीवर पट्टी बसवलेली असते आणि पुढचा-मागचा दोन्ही तुकडे तिच्यावर सरकतात. पाय वाढला की दोन्ही बाजूंना सारखं सरकवायचं, मध्य जागेवर. भाड्याच्या आणि डेमो स्कीवर असतात ती अशीच. थोडी जड, थोडी उंच, आणि बर्फाचा स्पर्श किंचित कमी कळतो म्हणून हौशी लोक नाक मुरडतात. मुरडू द्या. १४ वर्षांच्या मुलासाठी मी डोळे झाकून रुळावरचं घेईन.

जाता जाता, स्कीवर ४.१ × ९ किंवा ३.६ × ९ असं बारीक छापलेलं दिसेल. तो ड्रिलच्या पात्याचा व्यास आणि भोकाची खोली आहे, मिलिमीटरमध्ये. ४.१ लिहिलेलं असेल तर आत धातूचा थर आहे असं समजायला हरकत नाही.

चौकटराणी

वाचनखूण साठवली! १० मिमीचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीची स्की यंदा "अचानक जड" झालीय त्याचं उत्तर इथे मिळालं बहुतेक.

अर्धविराम

पाना-पेचकस, _/\_. अस्तर काढून बघितलं, मागे जेमतेम दोन सेंमी. सोलवर ग्रिपवॉक लिहिलंय, प्रकार प्रौढांचा.

धातूचं राहिलं. ९० च्या आसपासच्या नव्या यादीत एन्फोर्सर ९४ आणि ब्रह्मा ८८ या स्की आहेत, दोन्हींचं सगळीकडे कौतुक दिसतं.

उतारवय

कौतुक खरं आहे, पण करणारे कोण ते बघा. एन्फोर्सरमध्ये लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली टिटॅनलचे पत्रे आहेत, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा चिवट मिश्रधातू. ब्रह्मामध्येही टिटॅनल आहे. धातू कंप शोषतो, वेगात स्की शांत राहते, टणक बर्फ तोडत जाते. पण ती वाकवायला वजन आणि वेग लागतो. परीक्षण लिहिणारा ८५ किलोचा असतो आणि सुसाट जातो. ५० किलोच्या मुलाच्या पायात ती वाकतच नाही, आणि न वाकणारी स्की वळत नाही, ती आपल्याला घेऊन जाते.

त्याला लाकडी गाभ्याची, बाजूला पक्की भिंत असलेली, धातू नसलेली किंवा फक्त पायाखाली धातूचा तुकडा असलेली स्की बघा. फोमच्या गाभ्याची ज्युनिअर स्की नको, त्यातूनच तो बाहेर पडतोय. चिरंजीवांच्या आवडीचं टोकं वळलेलं आणि रंगीत काही हवं असेल तर अ‍ॅटॉमिक बेंट ९० चालेल: ९० मिमी, लाकडाचा गाभा, हलकी. कडक बर्फावर ती जरा बडबड करते, हे मात्र धरून चाला.

अवांतर: आमच्या काळी लांबी मोजायची पद्धत म्हणजे हात वर करून उभं राहायचं, स्की मनगटापर्यंत आली की तुमची. दोन मीटरच्या सरळसोट फळ्या. १९९० च्या दशकात एलान कंपनीने कमरेत बारीक, टोकांना रुंद अशी एससीएक्स आणली तेव्हा आम्ही हसलो होतो. काही वर्षांत सगळ्या जगाने मनगट सोडलं.

काठावरपास

लांबी: हनुवटी ते डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचा पट्टा धरतात, त्यात कुठे ते वजन आणि सवयीवर. पुढचं टोक लवकर वर उचललेलं असेल, म्हणजे रॉकर असेल, तर कडक बर्फावर तेवढा भाग हवेत राहतो आणि स्की छापलेल्या लांबीपेक्षा आखूड वाटते. त्यामुळे रॉकरवाली १५८-१६० आणि बिनरॉकरची १५२-१५५, याला सारखीच वाटेल. मागचं टोकही वळलेलं असेल तर त्यातले आणखी काही सेंमी दिखाऊ धरा.

मोजायची सोपी युक्ती: दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा आणि बाजूने बघा. मधे फट दिसते तो कॅम्बर, पायाखालचा ताण. टोकांकडे त्या जिथे एकमेकींपासून सुटतात तिथून रॉकर सुरू. तुम्हाला हवंय ते असं: पुढे थोडा रॉकर, पायाखाली फट, मागे जवळपास सपाट. पूर्ण केळ्याच्या आकाराची घेऊ नका, कडक बर्फावर ती फक्त मधोमध टेकते.

वळणाची त्रिज्या त्या लांबीला १४ ते १६ मीटर. १२ ची स्की दाबलेल्या उतारावर मजा आणते, पण मऊ बर्फात स्वतःच आत ओढते. १८ च्या पुढची मागेल तो वेग त्याने अजून घेऊ नये.

भुसभुशीत

त्रिज्येबद्दल +१. आता वाद घालत नाही, पण एक विनंती. विकत घ्यायच्या आधी एकाच दिवशी दोन रुंद्या भाड्याने घेऊन बघा, सकाळी एक, दुपारी दुसरी, मग अदलाबदल. इथे आम्ही कितीही लिहिलं तरी पाय त्याचे आहेत.

पाना-पेचकस

भुसभुशीतशी सहमत, फक्त कडांची धार दोन्हींना सारखी करून मागा. नाहीतर तुम्ही रुंदीची नाही, धारेची तुलना करताय. तपासायला नखाची पाठ कडेवरून आडवी ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर परत द्या.

अर्धविराम

केलं. ८६ आणि ९८, दोन्ही १५८-१६० च्या आसपासच्या, धार एकाच ठिकाणी लावून घेतली.

सकाळी बर्फ रात्रभर गोठून टणक झालेला. ९८ वर पहिलं मोठं वळण घेताना खालच्या पायाची स्की कडकडकड करत घसरत गेली, वळण पूर्ण व्हायच्या आतच त्याने ती सोडून दिली. मागून बघताना दिसलं की बर्फावर एकच बारीक रेघ उमटायला हवी तिथे हातभर रुंद खरवडलेला पट्टा. तासाभराने ८६ दिली. पहिली दोन-तीन वळणं जुन्याच सवयीने फरकटली, मग रेघ दिसायला लागली. त्याने स्वतः मागे वळून ती बघितली. काही बोलला नाही, पण पुढचा तासभर तोच उतार सोडायला तयार नव्हता.

दुपारी बर्फ मऊ झाला, चिवडला गेला. तिथे ९८ खरंच छान चालली, गठ्ठ्यांवरून सरळ गेली. ८६ ची पुढची टोकं अधूनमधून ढकलली जात होती. म्हणजे दोघेही बरोबर आहात.

निकाल: ८८-९०. घरात तह झाला आहे. आता एक जुनी जोडी मिळतेय, ८८ ची, १५९, रुळावरच्या बाइंडिंगसकट. एकच मालक, दोन सीझन वापरलेली म्हणतात. काय बघू?

पाना-पेचकस

उजेडात घेऊन बसा.

कडेवरून बोट सावकाश फिरवा (हातमोजा घालून). कुठे केसाएवढी भेग, कुठे कड बाहेर आलेली? पायाखालच्या भागात भेग असेल तर सोडा. कडेची जाडी पूर्ण लांबीभर बघा: सतत धार लावून ती फार बारीक झाली असेल तर पुढे धार लावायला लोखंडच उरत नाही.

तळावर खोल खरवडा असला तरी हरकत नाही, भरता येतो. खरवड्याच्या तळाशी लाकूड किंवा जाळी दिसली आणि ती कडेला लागून असली तर पाणी आत गेलेलं असू शकतं. तळ कडांजवळ पांढुरका, कोरडा दिसतो तो फक्त मेणाविना राहिलेला, त्याची काळजी नको.

बाजूची भिंत आणि वरचा थर यांच्या सांध्यावर नख लावा. टोकाजवळ किंचित सुटलं असेल तर चिकटवता येतं. पायाखाली सुटलं असेल तर नाही. मग दोन्ही तळाला तळ लावून बघा, फट दोन्हींत सारखी हवी. एक वाकलेली असेल तर इथे कळतं.

भिंतीइतकंच महत्त्वाचं: बाइंडिंग किती जुनं आहे. कंपन्या ठरावीक काळापर्यंतच्या मॉडेलना पाठिंबा देतात, यादीतून ते निघालं की बरेच तंत्रज्ञ त्याला हात लावत नाहीत. स्प्रिंगचे आकडे ३ पासून सुरू होतात का ते बघा. रुळावरचे दोन्ही तुकडे खरंच सरकतात का तेही बघा. काही पट्ट्यांवर फक्त मागचाच सरकतो. आणि ग्रिपवॉक लिहिलेलं आहे का. नसेल तर नुसती स्की कितीही चांगली असली तरी बाइंडिंग बदलण्याचा खर्च धरून भाव करा.

अर्धविराम

कडा ठीक, फट सारखी, दोन्ही तुकडे सरकतात, ग्रिपवॉक आहे, ३ ते १०. एका शेपटीच्या कोपऱ्यावर टवका उडालाय, उभी ठेवताना आपटलेली दिसते. घेतली!

चिरंजीव वरच्या चित्रावर स्टिकर लावण्यात गुंतले आहेत.

चौकटराणी

अभिनंदन! काठ्यांचं काय? वाढत्या मुलांना दरवर्षी काठ्या घ्यायच्या का?

उतारवय

लांबी कमी-जास्त होणाऱ्या काठ्या मिळतात, त्या घ्या. काठी उलटी धरून चकतीच्या खाली पकडायची, कोपर काटकोनात यायला हवं. बूट घालून मोजा.

भुसभुशीत

अर्धविराम, स्टिकर तळाला लावू देऊ नका, एवढंच बघा. :)

पाना-पेचकस

आणि ब्रेक तपासलेत का? बूट काढला की बाजूने खाली येणाऱ्या त्या दोन दांड्या. त्यांची रुंदी स्कीइतकी किंवा १५ मिमीपर्यंत जास्त हवी. ८८ ला ९० किंवा ९५ ठीक. आधीच्या मालकाने दुसरीकडचं बाइंडिंग काढून बसवलं असेल तर ११० चा ब्रेकही असू शकतो, तो वळताना बर्फात अडकतो. बूट घालून, टाच दाबून बंद करा आणि दांड्या कडेच्या आत वर उचलल्या जातात का बघा. मग बूट, स्की आणि मुलगा तिघांनाही तंत्रज्ञाकडे घेऊन जा, वजन तिथेच काट्यावर करा. १४ व्या वर्षी घरातला महिन्यापूर्वीचा आकडा चालत नाही. सोलची लांबी बदलली नसली तरी पुढचा दाब (मागचा तुकडा बुटाला पुढे दाबतो तो) नव्याने लावून घ्या, आणि सुटण्याचा आकडा यंत्रावर तपासून त्याची पावती मागा.

अर्धविराम

ब्रेक ९५ चा आहे. शनिवारी तिघांना घेऊन जातोय.